कूपर्सटाउनचा उंबरठा

डेव्ह पार्करचे २८ जून २०२५ रोजी निधन झाले. पिट्सबर्ग पायरेट्सचा हा राइट फील्डर १९७८मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. १९९१मध्ये तो निवृत्त झाला. १९९७पासून सलग १५ वर्षे त्याचे नाव बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या मतपत्रिकेवर होते, पण एकदाही त्याच्या पदरात पंचवीस टक्के मते पडली नाहीत. शेवटी डिसेंबर २०२४मध्ये १६ जणांच्या एका समितीने त्याची निवड केली. गौरव सोहळा २७ जुलैला होता आणि पार्करला एक महिना कमी पडला. त्याच बैठकीत निवडला गेलेला डिक ॲलन तर डिसेंबर २०२०मध्येच वारला होता. त्याआधी २०१४च्या आणि मृत्यूनंतर २०२१च्या मतदानात तो एकेका मताने हुकला होता.

या दोघांचा खेळ संपून कित्येक दशके लोटली होती. त्यांनी मारलेले होम रन वाढले नव्हते की कमी झाले नव्हते. वाढले-बदलले ते मोजमाप करणारे लोक आणि त्यांची मापे. निवृत्त खेळाडूंपैकी हॉल ऑफ फेमचा मान कोणाला, हा अमेरिकेतला वाद ९० वर्षे चालू आहे आणि दर जानेवारीत तो नव्याने पेटतो. त्याचे मूळ मला एकाच गोष्टीत दिसते. या संस्थेने पात्रतेची व्याख्या कधीच केली नाही. मतदानाची पद्धत बारकाईने आखली, पण मत कशासाठी द्यायचे ती जागा बरीचशी मोकळी ठेवली, आणि प्रत्येक पिढीने ती आपापल्या परीने भरली.

दंतकथेवर उभे राहिलेले दालन

हॉल ऑफ फेम न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या तळ्याकाठच्या छोट्या गावात आहे. मिल्स आयोग नावाच्या एका चौकशी समितीने १९०७मध्ये निष्कर्ष काढला होता की, पुढे सेनाधिकारी झालेल्या ॲबनर डबलडेने १८३९मध्ये याच गावात बेसबॉलचा शोध लावला. आधार होता तो मुख्यतः एका वृद्ध गृहस्थाच्या आठवणीचा. प्रत्यक्षात त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. इतिहासकारांनी ही कथा केव्हाच मोडीत काढली, पण गावाला ती पावली. सिंगर शिवणयंत्रांवर श्रीमंत झालेल्या घराण्यातले स्टीफन क्लार्क यांनी महामंदीत गावाकडे लोकांची पावले वळावीत म्हणून संग्रहालयाचा विचार पुढे नेला. नॅशनल लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांनी त्याला थोर खेळाडूंच्या सन्मानाची जोड सुचवली. १२ जून १९३९ रोजी दालनाचे उद्घाटन झाले.

इतिहास जपणे आणि मान देणे, हे दोन हेतू अशा रीतीने पहिल्या दिवसापासून एकाच छताखाली आहेत. पुढच्या बऱ्याच वादांत एक पक्ष पहिल्या हेतूवर बोट ठेवतो, दुसरा दुसऱ्यावर.

पहिले मतदान १९३६मध्येच झाले होते. २२६ मतदार होते आणि निवडीसाठी ७५ टक्के मते हवी होती. टाय कॉबला २२२, बेब रूथ आणि होनस वॅग्नरला प्रत्येकी २१५, क्रिस्टी मॅथ्यूसनला २०५ आणि वॉल्टर जॉन्सनला १८९ मते मिळाली. अकरा मतदारांनी बेब रूथचे नाव लिहिले नाही. ५११ सामने जिंकणारा पिचर साय यंग, ज्याच्या नावाने आज सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार दिला जातो, त्या वर्षी निवडला गेला नाही. एकमत होण्यासाठी पुढे ८३ वर्षे जावी लागली. २०१९मध्ये न्यूयॉर्क यांकीजचा मारियानो रिवेरा हा ४२५पैकी ४२५ मते मिळवणारा पहिला खेळाडू ठरला. पुढच्या वर्षी डेरेक जीटर एका मताने त्या मानाला मुकला आणि २०२५मध्ये इचिरो सुझुकीही एकाच मताने.

नियम काय सांगतात

मत देतात ते बेसबॉल लेखक संघटनेचे सदस्य, म्हणजे वार्ताहर. सलग दहा वर्षे सदस्य असलेल्यालाच मताधिकार मिळतो. खेळाडू किमान दहा हंगाम खेळलेला आणि निवृत्तीनंतर पाच वर्षे उलटलेला असावा. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करता येते. पाच टक्क्यांहून कमी मते मिळाली तर नाव कायमचे गळते, आणि ७५ टक्के होईपर्यंत वाट पाहायची मुदत २०१४पासून पंधराऐवजी दहा वर्षे आहे. मुदत संपलेल्यांना, त्याचप्रमाणे व्यवस्थापक, पंच आणि पदाधिकाऱ्यांना दुसरा दरवाजा आहे तो छोट्या समित्यांचा.

मत कशावर द्यायचे, हे एका वाक्यात आटोपले आहे: खेळाडूची कामगिरी, कौशल्य, सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य आणि संघाला दिलेले योगदान. हे वाक्य १९४०च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास तसेच आहे. कशाला किती वजन द्यायचे याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

समित्यांचा इतिहास

लेखकांनी नाकारलेल्यांचा फेरविचार करणारी ज्येष्ठांची समिती १९५३पासून काम करू लागली. तिच्याबद्दलची एक जुनी तक्रार १९७०च्या दशकातली आहे. जायंट्स आणि कार्डिनल्स या संघांचा जुना तारा फ्रँकी फ्रिश समितीत होता, आणि त्या दशकात त्याच्याबरोबर खेळलेले जेसी हेन्स, चिक हेफी, रॉस यंग्ज, जॉर्ज केली, जिम बॉटमली असे एकामागून एक निवडले गेले. यांपैकी काही नावे आज पात्रतेच्या सर्वांत खालच्या पायरीवर मोजली जातात. बिल जेम्स या अभ्यासकाने १९९४मध्ये हॉल ऑफ फेमच्या राजकारणावर लिहिलेल्या पुस्तकात या निवडींची तपशिलाने चिकित्सा केली.

त्यातून एक युक्तिवाद जन्माला आला आणि तो आजही सर्वांत जास्त ऐकू येतो: अमका आत आहे, मग तमका का नाही? सर्वांत दुबळ्या सदस्याला माप मानले तर दार सताड उघडते. केवळ रूथ आणि विली मेज यांना माप मानले तर दालनात पंधरा-वीस माणसे उरतील. सदस्यसंख्या आता साडेतीनशेच्या वर गेली आहे. 'छोटा हॉल' मागणारे म्हणतात की दुर्मीळपणा हाच या मानाचा अर्थ. 'मोठा हॉल' मागणारे म्हणतात की बेसबॉलचा इतिहास सांगायचा तर त्यातली महत्त्वाची माणसे तिथे दिसायला हवीत. दोन्ही भूमिका प्रामाणिक आहेत. मला स्वतःला सरासरी सदस्याशी तुलना करणे सर्वांत न्याय्य वाटते, कारण ती ना फ्रिशच्या मित्रांवर टेकते, ना रूथवर.

डिसेंबर २०१८मध्ये हा वाद पुन्हा उफाळला. लेखकांच्या मतदानात कधीही सहा-सात टक्क्यांपलीकडे न गेलेल्या हॅरल्ड बेन्सला समितीने निवडले. त्याच्या २,८६६ हिट हे खरेच मोठे काम आहे. पण त्याचा माजी व्यवस्थापक टोनी ला रूसा आणि त्याच्या संघाचे मालक जेरी राइन्सडॉर्फ हे दोघेही त्या समितीत होते, ही गोष्ट टीकाकारांनी सोडली नाही. बेन्सच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा असा की, दररोज ज्यांनी त्याला पाहिले त्यांचे मत वार्ताहरांहून कमी मोलाचे का मानावे?

रंगाची भिंत आणि अपुरे कागद

पहिले पाच सदस्य निवडले गेले तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये प्रवेशच नव्हता. १९४७मध्ये जॅकी रॉबिन्सनने ती भिंत ओलांडली आणि १९६२मध्ये तो हॉलमध्ये आला. पण ज्यांचे उमेदीचे दिवस कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या नीग्रो लीग्जमध्ये गेले, त्यांच्या नावापुढे मोठ्या लीगचे दहा हंगाम कुठून येणार? २५ जुलै १९६६ रोजी बोस्टनच्या टेड विल्यम्सने स्वतःच्या गौरवाच्या भाषणात सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावे घेतली आणि त्यांना संधीच मिळाली नाही म्हणून ते इथे नाहीत, असे म्हटले. सर्वांत मोठ्या श्वेतवर्णीय बॅटरने आपल्या मानाच्या दिवशी हे बोलणे, हा माझ्या मते या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा क्षण आहे.

१९७१मध्ये पेजची निवड झाली. आधी या खेळाडूंसाठी वेगळा विभाग करण्याचा बेत होता. त्यावर संताप झाला आणि पेजचा ब्राँझचा फलक इतरांच्या रांगेतच लागला. गिब्सन आणि बक लेनर्ड १९७२मध्ये आले. २००६मध्ये एका अभ्यासगटाने एकदम १७ जणांना निवडले. त्यांत नूअर्क ईगल्स संघाची मालकीण एफा मॅनली होती, हॉलमधली पहिली स्त्री. मात्र ज्या बक ओ'नीलने या लीग्जची आठवण देशभर जिवंत ठेवली, तो त्या वर्षी वगळला गेला. गौरव सोहळ्यात तो इतरांच्या वतीने बोलला आणि ऑक्टोबरमध्ये ९४व्या वर्षी गेला. डिसेंबर २०२१मध्ये त्याची निवड झाली. त्याच वेळी कूपर्सटाउनमध्येच वाढलेला एकोणिसाव्या शतकातला कृष्णवर्णीय खेळाडू बड फाउलर हाही निवडला गेला.

इथला न सुटलेला प्रश्न पुराव्याचा आहे. मे २०२४मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातल्या नीग्रो लीग्जची आकडेवारी आपल्या अधिकृत नोंदींत मिसळली आणि कारकिर्दीच्या बॅटिंग ॲव्हरेजमध्ये ०.३७२ घेऊन जॉश गिब्सन ०.३६७च्या टाय कॉबच्या वर गेला. (क्रिकेटमध्ये ॲव्हरेज म्हणजे बाद होण्यामागे धावा, इथे ते बॅटरच्या दर संधीमागे हिटचे प्रमाण असते.) पण नीग्रो लीग्जचे अधिकृत हंगाम लहान असत आणि संघांचे बरेच सामने गावोगाव फिरून खेळले जात, ते या नोंदींत नाहीत. वर्तमानपत्रांची जुनी पाने चाळून संशोधक अजून धावपत्रके गोळा करत आहेत. काहींना २००६ची यादी पुरेशी वाटते. काहींच्या मते त्यानंतर सापडलेल्या पुराव्यावर आणखी खेळाडूंचा विचार व्हायलाच हवा.

डोळे आणि आकडे

जुन्या मतदाराकडे ठरलेले टप्पे होते: पिचरचे ३०० विजय, बॅटरच्या ३,००० हिट, ५०० होम रन. शिवाय 'पाहिले की कळते' हा विश्वास. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून बिल जेम्सने आणि त्याच्यामागून आलेल्यांनी या टप्प्यांनाच प्रश्न विचारले. पिचरचा विजय त्याच्या संघाने किती धावा केल्या यावर अवलंबून असतो, मग तो केवळ पिचरच्या खात्यावर का?

या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण बर्ट ब्लायलेव्हन. २८७ विजय, म्हणजे ३००ला तेरा कमी, पण ३,७०१ स्ट्राइकआउट. १९९८मध्ये पहिल्यांदा त्याला १७.५ टक्के मते मिळाली. दुबळ्या संघांमुळे त्याचे विजय कसे घटले, हे नव्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे मांडले आणि २०११मध्ये, चौदाव्या वर्षी, तो ७९.७ टक्क्यांनी आत गेला. दुसऱ्या बाजूला जॅक मॉरिस. १९९१च्या वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात त्याने एकट्याने दहा इनिंग टाकून एकही धाव दिली नाही. ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांच्यासाठी हॉल ऑफ फेमचा खेळाडू म्हणजे तो. पण कारकिर्दीत नऊ इनिंगमागे त्याने ३.९० धावा दिल्या, आणि इतक्या धावा देणारा पिचर तोवर हॉलमध्ये नव्हता. लेखकांनी त्याला २०१३मध्ये ६७.७ टक्क्यांपर्यंत नेले आणि तिथेच थांबले. २०१७मध्ये समितीने त्याला घेतले.

आता वादाच्या केंद्रस्थानी 'वॉर' नावाचा आकडा आहे. सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत एखाद्याने संघाला किती जादा विजय मिळवून दिले, याचा तो अंदाज. बॅटिंग, धाव घेणे, क्षेत्ररक्षण, खेळण्याची जागा, मैदानाचा स्वभाव, सगळे त्यात येते. जे जाफी या लेखकाने पूर्ण कारकिर्दीचा आणि सर्वोत्तम सात वर्षांचा वॉर यांची सरासरी काढून 'जॉज' हे माप तयार केले. दीर्घकाळ चांगले असणे आणि थोडा काळ अलौकिक असणे, या जुन्या भांडणात ते मध्यम मार्ग काढते.

लॅरी वॉकरला या मापाने तारले. त्याची उमेदीची वर्षे डेन्व्हरच्या मैदानावर गेली. ते समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंच आहे, तिथली हवा विरळ असल्याने चेंडू लांब जातो, म्हणून त्याचे आकडे फुगलेले मानले जात. २०१४मध्ये त्याला १०.२ टक्के मते होती. मैदानाचा फायदा वजा करूनही तो थोर ठरतो, हे मांडले गेले आणि २०२०मध्ये, शेवटच्या संधीत, ७६.६ टक्के झाले. अँड्रू जोन्सचा प्रवास तर २०१८च्या ७.३ टक्क्यांपासून २०२६च्या निवडीपर्यंतचा. ४३४ होम रन, सेंटर फील्डमधल्या क्षेत्ररक्षणासाठी दहा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार, पण तिशीनंतर कारकीर्द कोसळली. त्याला मत देण्यासाठी त्याच्या क्षेत्ररक्षणाची किंमत आकड्यांत मान्य करावी लागते, आणि जुन्या काळाचे क्षेत्ररक्षण मोजणे हा या साऱ्या गणिताचा सर्वांत कच्चा भाग आहे. हे गणित करणारेही ते नाकारत नाहीत.

एका प्रकरणाचे मात्र मला मनापासून वाईट वाटते. डेट्रॉइट टायगर्सचे लू व्हिटेकर आणि ॲलन ट्रॅमल हे दोघे सुमारे दोन दशके सेकंड बेस आणि शॉर्टस्टॉप अशी जोडीने राखण करत होते. ट्रॅमल २०१८मध्ये हॉलमध्ये गेला. व्हिटेकरचा वॉर त्याच्याहून कमी नाही, उलट किंचित जास्तच भरतो. पण २००१मध्ये त्याला २.९ टक्के मते पडली आणि पाच टक्क्यांच्या नियमाने तो पहिल्याच वर्षी गळाला. वॉर तेव्हा मतदारांच्या बोलण्यात नव्हता. नवे माप आले तोवर त्याचे नाव मतपत्रिकेवर उरले नव्हते.

सट्टा: रोझ आणि जॅक्सन

१९१९च्या वर्ल्ड सीरिजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर पैसे घेऊन हरल्याचा आरोप आला. १९२१मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. दुसऱ्याच दिवशी आयुक्त केनसॉ माउंटन लँडिस यांनी त्यांना कायमचे बाहेर काढले. त्यांत शूलेस जो जॅक्सन होता. ५,००० डॉलर घेतल्याचे त्याने ग्रँड ज्युरीपुढे सांगितले होते. त्या मालिकेत त्याने १२ हिट मारल्या आणि त्याचे ॲव्हरेज ०.३७५ होते, असे त्याचे पाठीराखे दाखवतात. पैसे घेतले तिथेच प्रश्न संपतो, असे विरोधक म्हणतात.

पीट रोझच्या ४,२५६ हिट आजही सर्वाधिक आहेत. सिनसिनाटी रेड्सचा व्यवस्थापक असताना त्याने बेसबॉलवर, स्वतःच्या संघावरही, पैजा लावल्या. ऑगस्ट १९८९मध्ये आयुक्त बार्ट जियामाटी यांनी त्याला कायमचे अपात्र ठरवले. १९९१मध्ये हॉलने नियम केला की अपात्र यादीतल्या माणसाचे नाव मतपत्रिकेवर येणारच नाही. रोझने चौदाएक वर्षे आरोप नाकारले आणि २००४मध्ये कबूल केले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्याचे निधन झाले. मे २०२५मध्ये आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी ठरवले की कायमची अपात्रता मृत्यूबरोबर संपते. रोझ, जॅक्सन आणि इतर पंधरा जण यादीतून बाहेर आले.

रोझच्या बाजूचे म्हणतात, त्याने पैजा आपला संघ जिंकेल यावर लावल्या, त्याच्या हिट खऱ्या आहेत, आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बहुतेक राज्यांत सट्टा कायदेशीर झाला असून खुद्द लीगचे सट्टा कंपन्यांशी करार आहेत. विरोधकांचे उत्तर असे की व्यवस्थापक ज्या दिवशी पैज लावत नाही, त्या दिवशी तोही एक संदेश असतो. प्रत्येक क्लबहाऊसच्या भिंतीवर लावलेला हा एकमेव नियम होता, आणि कायदेशीर सट्ट्याच्या काळात तो अधिक कडक हवा. जून २०२४मध्ये तुकुपिता मार्कानो याला बेसबॉलवर पैजा लावल्याबद्दल आजन्म बंदी झाली, हे ते दाखवून देतात.

औषधांचे दशक

१९९८च्या उन्हाळ्यात मार्क मॅग्वायरने ७० होम रन मारले, सॅमी सोसा त्याच्या मागे होता. २००१मध्ये बॅरी बॉन्ड्सने ७३ मारले. खेळाडूंच्या आधीच्या संपानंतर रुसलेला प्रेक्षक मैदानावर परतला. उत्तेजकांची शिक्षेसह चाचणी सुरू झाली ती २००४मध्ये, आणि डिसेंबर २००७च्या मिचेल चौकशी अहवालाने औषधांचा वापर किती पसरला होता ते दाखवले.

बॉन्ड्स: ७६२ होम रन आणि सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार सात वेळा. रॉजर क्लेमेन्स: ३५४ विजय आणि सात साय यंग. दोघांवरही लीगने उत्तेजकांसाठी कधी बंदी घातली नाही. बॉन्ड्सची न्यायात अडथळा आणल्याची शिक्षा २०१५मध्ये रद्द झाली, क्लेमेन्स २०१२मध्ये खोट्या साक्षीच्या खटल्यातून सुटला. २०१३मध्ये दोघे पहिल्यांदा मतपत्रिकेवर आले तेव्हा लेखकांनी कोणालाच निवडले नाही. दहाव्या वर्षी, २०२२मध्ये, बॉन्ड्स ६६.० आणि क्लेमेन्स ६५.२ टक्क्यांवर थांबले.

मतदारांत ढोबळपणे तीन भूमिका दिसतात. पहिली: ज्याने उत्तेजके घेतली त्याने सचोटीची अट मोडली, आणि जे स्वच्छ राहिले त्यांच्या कारकिर्दीची चोरी केली. हॉलचे उपाध्यक्ष जो मॉर्गन यांनी नोव्हेंबर २०१७मध्ये मतदारांना पत्र लिहून हेच कळकळीने सांगितले. दुसरी: ज्यांच्यावर नियमाखाली बंदी आली त्यांनाच वगळावे. दोनदा पकडलेला मॅनी रामिरेझ आणि २०१४चा सबंध हंगाम बाहेर बसलेला अलेक्स रॉड्रिग्ज अनुक्रमे ५५५ आणि ६९६ होम रन असूनही अडले ते इथे. तिसरी: लीगने, मालकांनी आणि आम्ही वार्ताहरांनीही तेव्हा डोळेझाक केली, आता शिक्षा खेळाडूंनाच का? त्या काळचे आयुक्त बड सीलिग यांची डिसेंबर २०१६मध्ये निवड झाली तेव्हा काही मतदारांनी हे कारण उघडपणे देऊन आपले मत बदलले. बॉन्ड्सने १९९८पर्यंतच तीन सर्वोत्तम खेळाडू पुरस्कार आणि ४११ होम रन मिळवले होते, हेही हा पक्ष सांगतो.

सुसंगतीचा प्रश्न यातल्या प्रत्येकापुढे आहे. चेंडूला बेकायदा ओलावा लावत असल्याचे स्वतःच्या पुस्तकात सांगणारा गेलॉर्ड पेरी १९९१मध्ये निवडला गेला. आधीच्या पिढ्यांत ॲम्फेटामीनच्या गोळ्या सर्रास चालत. कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवण्यात पुढे असलेला कॅप ॲन्सन आणि सर्वांत शेवटी, १९५९मध्ये, कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवणाऱ्या बोस्टनचे मालक टॉम यॉकी दोघेही आत आहेत. डेव्हिड ऑर्टिझचे नाव २००३च्या गोपनीय चाचणीच्या संदर्भात फुटले होते. मॅनफ्रेड यांनी त्या निकालांबद्दल शंका व्यक्त केली आणि २०२२मध्ये ऑर्टिझ पहिल्याच वर्षी निवडला गेला. याउलट कोणताही पुरावा नसताना केवळ संशयामुळे माइक पियाझा आणि जेफ बॅगवेल यांना वर्षे थांबावे लागले. संशयावर मत अडवणे मला कोणत्याही भूमिकेतून समर्थनीय वाटत नाही.

चारित्र्याची अट औषधांपलीकडेही पोहोचते. कर्ट शिलिंग २०२१मध्ये ७१.१ टक्क्यांवर, १६ मतांनी हुकला. त्याच्या सार्वजनिक वक्तव्यांमुळे अनेकांनी त्याला मत नाकारले होते. त्याने आपले नाव काढून टाकण्याची मागणी केली आणि पुढच्या वर्षी त्याची मते घटली. कार्लोस बेल्ट्रानचे नाव २०१७च्या ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या इशारे चोरण्याच्या प्रकरणात आयुक्तांच्या अहवालात आले. २०२३मध्ये त्याला ४६.५ टक्के मिळाले, तीन वर्षांनी तो आत आहे. काही मतदार या विलंबाला ठरावीक मुदतीची शिक्षा मानतात. असे असेल तर ती मुदत किती, हे कोणी ठरवले?

मत देणारे कोण

२०१५मध्ये हॉलने दहा वर्षांहून अधिक काळ वार्तांकनाबाहेर असलेल्यांचा मताधिकार काढला आणि मतदार सुमारे साडेपाचशेवरून ४४०वर आले. मतदार तरुण झाले, आकडे समजणारे वाढले, बॉन्ड्सची टक्केवारी चढली. प्रत्येक मतपत्रिका जाहीर करावी, असा ठराव लेखक संघटनेने २०१६मध्ये केला, हॉलच्या मंडळाने तो फेटाळला.

समित्यांची गोष्ट याहून बंदिस्त आहे. सोळा सदस्य, आठ नावे, निवडीसाठी बारा मते. २०२२पासून प्रत्येकाला फक्त तीन नावांवर खूण करता येते. एकूण ४८ मते आठ जणांत वाटली तर बारापर्यंत पोहोचणे किती अवघड आहे, हे कागदावरच दिसते. चर्चा बंद दाराआड होते. डिसेंबर २०२५मध्ये जेफ केंट १४ मतांनी निवडला गेला. बॉन्ड्स आणि क्लेमेन्स यांना पाचही मते मिळाली नाहीत, आणि नव्या नियमानुसार त्यांचा विचार आता २०३१च्या आधी होऊ शकत नाही. पुन्हा असेच झाले तर कधीच नाही. त्यांच्या कट्टर विरोधकांचेही समाधान व्हावे असा हा मार्ग मला वाटत नाही, कारण नकाराची कारणे कुठेही लिहिली जाणार नाहीत.

पुढे काय

१९८०पूर्वीच्या खेळाडूंची समिती डिसेंबर २०२७मध्ये बसेल. रोझ आणि जॅक्सन तिच्यापुढे येऊ शकतात, पण आधी वेगळ्या इतिहास-मंडळाने त्यांची नावे आठांत घ्यावी लागतील. व्हिटेकरचा विचार त्यानंतरच्या वर्षी होऊ शकतो. खेळाडूंना करारमुक्तीचा हक्क मिळावा म्हणून कारकीर्द पणाला लावून १९७२मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरलेला कर्ट फ्लड अजून बाहेर आहे. खेळाडू संघटनेचे नेते मार्विन मिलर यांना मात्र मृत्यूनंतर सात वर्षांनी निवडले गेले. फ्लडला खेळाडू म्हणून मोजायचे की खेळ बदलणारा माणूस म्हणून, याला नियमांत जागा नाही.

सर्वांत अवघड प्रश्न पिचरांचा होणार आहे. संघ आता पिचरला पाच-सहा इनिंगनंतर काढतात, त्यामुळे ३०० विजय इतिहासजमा झाल्यासारखे आहेत. दोन साय यंग मिळवणारा योहान सांताना १३९ विजयांवर थांबला आणि २०१८मध्ये २.४ टक्क्यांनी गळाला. १६५ विजयांच्या सँडी कोफॅक्सला १९७२मध्ये पहिल्याच वर्षी निवडले होते. २०२५मध्ये फेलिक्स हर्नांडेझला पहिल्या वर्षी २०.६ टक्के मिळाले, म्हणजे मतदारांचा हात थोडा सैल होतो आहे. जेकब डिग्रॉमकडे दोन साय यंग आहेत आणि २०२५च्या अखेरीस त्याचे विजय शंभराच्या आतच होते. तो अजून खेळतो आहे. त्याचे नाव मतपत्रिकेवर येईल तेव्हा जे मतदान करतील, त्यांतल्या कित्येकांची सदस्यत्वाची दहा वर्षे अजून भरायची आहेत.